घर पक्कं झालं, पण चुलीचा धूर जाणार कुठून? मावळातल्या छोट्या घरकुलांचा न सुटलेला प्रश्न

वडगाव मावळ : जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत, आणि आत पवनानगरच्या रस्त्यालाही, ठिकठिकाणी एकच पाटी दिसते : ‘चुलीवरचं जेवण’. मुंबई-पुण्याचा पाहुणा त्यासाठी गाडी बाजूला घेतो, जास्तीचे पैसे मोजतो. हॉटेलवाल्याची ती चूल मोकळ्या शेडमध्ये असते. चारी बाजूंनी वारा, वर उंच पत्रा. धूर आला तसा निघून जातो.

त्याच रस्त्यापासून दोन-चार किलोमीटर आत वाडीवर गेलं की दुसरी चूल दिसते. ती असते नव्या घरकुलाच्या कोपऱ्यात. वर स्लॅब, बाजूला प्लास्टर केलेली भिंत, एक छोटी खिडकी. आणि पावसाची झड आत येते म्हणून तीही बंद. तिच्यासमोर रोज दोन-तीन तास बसणाऱ्या बाईला त्याचे कुणी पैसे देत नाही. उलट डोळ्यांची आग, खोकला आणि दम तिच्या वाट्याला येतो.

गेल्या काही वर्षांत मावळात घरकुलं झाली, गॅसही पोहोचला. तरी चूल गेली नाही. आणि चुलीभोवतीचं घर मात्र बदललं. मोठ्या, फटी असलेल्या कौलारू घरातली चूल आता छोट्या, बंदिस्त पक्क्या घरात आली. चूल तीच राहिली, धुराची वाट मात्र बुजली. सरकारी कागदावर घर पूर्ण, गॅस जोडणी पूर्ण. धुराचा रकाना कुठेच नाही. प्रश्न नेमका इथे आहे.

गॅस आला, मग चूल का पेटते?

पंतप्रधान उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. आठ कोटींचा पहिला टप्पा सप्टेंबर २०१९ मध्ये पूर्ण झाला आणि त्याचा कार्यक्रम आपल्याच राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला झाला. आता देशात या योजनेच्या जोडण्या दहा कोटींच्या वर आहेत. हे काम मोठं आहे, त्यात शंका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबं देशात २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली.

पण जोडणी मिळणं आणि सिलिंडर भरून आणणं या दोन वेगळ्या गोष्टी. उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांनी २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीनच्या आसपास सिलिंडर घेतले. २०२४-२५ मध्ये हा आकडा साडेचारच्या आसपास गेला. वाढ आहे, मान्य. पण पाच-सहा माणसांच्या घरात एक सिलिंडर महिना-सव्वा महिना पुरतो. म्हणजे वर्षाला नऊ-दहा तरी लागतात. उरलेले महिने स्वयंपाक कशावर होतो, हे सांगायला तज्ज्ञ नको.

दराचा भाग आहेच. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर एकदम ५० रुपयांनी वाढला तेव्हा उज्ज्वलाच्या घरांनाही ती वाढ लागू झाली. उज्ज्वलाची ३०० रुपयांची सबसिडी आहे, राज्याने २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन मोफत सिलिंडर जाहीर केले. तरीही आधी पूर्ण पैसे भरायचे आणि मग खात्यात परत यायची वाट बघायची, हे रोजंदारीवरच्या घराला जड जातं.

पण एकट्या दराने सगळं समजत नाही. ज्या घरात पैशाची फार ओढाताण नाही तिथेही चूल पेटतेच. कारण गॅसवर चहा आणि भाजी होते. पण आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, सणावाराचं मोठं पातेलं, या कामांना गॅस जाळणं कुणालाच परवडल्यासारखं वाटत नाही. पाण्यासाठी बंब किंवा तीन दगडांची चूल, आणि वरकामाला गॅस, अशी वाटणी बहुतेक घरांनी करून टाकली आहे. त्यात मावळातला पाऊस. लोणावळ्याला वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, अंगाला ऊब लागते. त्या चार महिन्यांत चूल म्हणजे स्वयंपाकाची जागा, शेकायची जागा आणि कपडे वाळवायची दोरीही तिच्यावरच.

थोडक्यात, ‘गॅस दिला, आता चूल बंद’ असं धरून चालणं म्हणजे डोळे मिटून घेणं आहे.

जुन्या घरात धूर जायचा कुठे?

मावळातलं जुनं घर आठवून बघा. पुढे पडवी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. वर उतरतं कौल, मध्ये उंच आढं. ठाकर-कातकरी वाड्यांवर कारवीचे कूड, शेणामातीने सारवलेले, वर गवत किंवा कौल. या घरांना धुराडं नव्हतंच. पण कौलांच्या फटींतून, कुडाच्या वरच्या मोकळ्या भागातून धूर हळूहळू बाहेर पडायचा. त्या धुराने आढ्याच्या लाकडाला कीड लागायची नाही, टांगलेलं बियाणं टिकायचं.

याचा अर्थ जुनं घर चांगलं होतं असा नाही. त्या घरांतल्या आज्यांचे लाल डोळे आणि कायमचा खोकला पुष्कळांनी पाहिलाय. धूर तेव्हाही वाईटच होता. फक्त त्याला वर उंची होती आणि बाहेर पडायला फट होती.

आता घरकुलाचा हिशेब बघा. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. स्वयंपाकाची स्वच्छ जागा त्यातच धरलेली आहे. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात आणि घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं. पैसे तेवढेच, त्यामुळे स्वयंपाकाला मिळतो तो एक कोपरा. समजा सहा बाय आठ फूट आणि वर नऊ फुटांवर स्लॅब. म्हणजे सगळी मिळून ४३२ घनफूट हवा. त्यात चूल, त्यात बाई, तिच्या मांडीजवळ मूल. स्लॅबला फट नाही, प्लास्टरला फट नाही. धूर वर जातो, स्लॅबला आपटतो आणि बसलेल्या माणसाच्या तोंडापर्यंत खाली येतो.

हा विषय आत्ताच का महत्त्वाचा? २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात बालेवाडीला याच योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं आणि त्यातल्या १० लाखांना पहिला हप्ता देण्यात आला. म्हणजे राज्यभर लाखो घरांचे पाये भरले जाताहेत. स्लॅब पडण्याआधी धुराड्याची जागा सोडली तर काम किरकोळ असतं. स्लॅब पडल्यावर तो फोडायला कुणी तयार होत नाही. आणि फोडलाच तर पहिल्या पावसात तिथूनच गळतं.

धूर दिसतो, घातक वायू दिसत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख लोकांचा जीव गेला. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा दमा आणि फुप्फुसाचे जुने आजार, हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू या सगळ्यांशी या धुराचा संबंध आहे. धुरातले सर्वात बारीक कण केसाच्या जाडीच्या तीसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असतात आणि फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. संघटनेने वर्षभराच्या सरासरीची मर्यादा एक घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. बंद खोलीत साधी चूल पेटली की हे प्रमाण शेकड्यांत जातं.

दुसरा धोका याहून फसवा आहे. निखारे धुमसत असतात तेव्हा कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपेतच जीव जातो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमण इथे केरळहून फिरायला गेलेल्या आठ जणांचा असाच बंद खोलीत मृत्यू झाला. तिथे गॅसचा हीटर होता. पण निखाऱ्याची शेगडीही तेच करते.

मावळात हा धोका तीन ठिकाणी आहे. पहिलं, बाळंतिणीची खोली. शेक-शेगडीची पद्धत अजून घरोघर आहे; आणि थंडी लागू नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट बंद. पूर्वी कुडाच्या घरात ते खपून जायचं, स्लॅबच्या खोलीत खपत नाही. दुसरं, न्हाणीघर. पावसाळ्यात बंब आत घेतला जातो आणि दार लावून आंघोळ होते. तिसरं, पवनेच्या काठावरचे तंबू. थंडीच्या रात्री शेगडी तंबूच्या आत घेणाऱ्या पाहुण्यांना अडवणं ही तंबूवाल्याची जबाबदारी आहे.

एकच खूण लक्षात ठेवण्यासारखी. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, तर ती सर्दी नव्हे. आधी सगळ्यांनी उघड्यावर यायचं, मग १०८ ला फोन.

जुनी चूल सुधारायची म्हणजे नेमकं काय?

सर्वात चांगला उपाय म्हणजे स्वयंपाक गॅसवर किंवा विजेवर आणि चूल घराबाहेर, मोकळ्या पडवीत. जमेल त्याने हेच करावं. पण पडवीला चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद किंवा ताडपत्री बांधली की तीही बंद खोलीच होते, शिवाय पेटायची भीती वेगळी. वाऱ्याच्या तोंडाची एक बाजू झाका, दोन बाजू मोकळ्या राहू द्या.

ज्यांना चूल आतच ठेवावी लागते त्यांच्यासाठी पुढच्या गोष्टी. यातल्या बहुतेक माती, विटा आणि एका लोखंडी जाळीत होतात.

जाळी : जुन्या चुलीत लाकूड थेट जमिनीवर, राखेत पडतं. खालून हवा मिळत नाही म्हणून ते जळण्यापेक्षा धुमसतं. लाकडाखाली दोन-तीन इंच उंचीवर लोखंडी जाळी बसवली की हवा खालून येते आणि ज्वाला उभी राहते. जाळीखालची राख रोज काढायची, नाहीतर जाळी असून नसल्यासारखी.

तोंड : आपल्या चुलीचं तोंड मोठं असतं, कारण अख्खं लाकूड घालायची सवय. मोठ्या तोंडातून गार हवा भसाभस आत जाते आणि आग थंड करते. चार-पाच इंची तोंड कुटुंबाच्या स्वयंपाकाला पुरतं. त्यासाठी लाकूड अंगठ्याएवढ्या ते मनगटाएवढ्या जाडीचं फोडायचं आणि फक्त टोकं आत सरकवत राहायचं.

आतला लेप : जाड मातीची चूल स्वतःच उष्णता पिऊन बसते. मावळात भाताचं तूस मुबलक. मातीत तूस मिसळून आतून लेप दिला की तूस जळून बारीक छिद्रं राहतात आणि उष्णता आत कोंडली जाते. आतली आग जितकी कडक, तितका धूर कमी. कारण धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच.

भांड्याची उंची : जाळीपासून भांड्याचा तळ साधारण सहा ते आठ इंचांवर असावा. फार खाली आला तर ज्वाला गार तळाला लागून विझते आणि काजळी धरते. फार वर गेला तर उष्णता वाया.

इथे एक चूक हमखास होते. लाकूड वाचावं म्हणून काहीजण चूल चहूबाजूंनी बंद करतात. लाकूड कमी लागतं खरं, पण हवा कोंडल्याने धूर आणि तो न दिसणारा वायू वाढतो. लाकूड वाचलं म्हणजे धूर कमी झाला, असं समजू नये. छोट्या खोलीत दोन्ही बघावं लागतं.

जुन्या पिंपाची चूल किंवा बंब बनवून घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. तेलाचं, रंगाचं किंवा रसायनाचं रिकामं पिंप थेट कापायला घेतलं तर आत उरलेल्या वाफेने स्फोट होऊ शकतो. आगीजवळच्या भागाला जस्ताचा पत्राही वापरू नये. जस्त फार तापलं की त्याचा धूर अंगाला बाधतो.

धुराडं : निम्मं काम इथेच

छोट्या खोलीत वरचे सगळे बदल केले तरी धूर खोलीतच राहणार असेल तर उपयोग अर्धाच. धुराडं लागतंच. आणि ते नीट बसवलं नाही तर नसलेलं बरं, अशी पाळी येते.

पाइप साधारण चार इंची, धातूचा आणि शक्यतो सरळ उभा. प्रत्येक वाकण ओढ कमी करतं. भिंतीतून आडवा काढून वळचणीखाली सोडलेला पाइप वारा उलटा आला की सगळा धूर घरात ढकलतो. म्हणून पाइपचं तोंड छपराच्या वर किमान दोन फूट हवं, त्यावर पावसासाठी टोपी. स्वस्त पडतो म्हणून पीव्हीसी पाइप लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. घरात जुना सिमेंटच्या पत्र्यासारखा पाइप पडला असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. तो कापू नये, घासू नये.

पाइप लाकडी वाशाजवळून किंवा ताडपत्रीजवळून जात असेल तर मध्ये हातभर अंतर सोडावं. स्लॅबमधून जाताना भोवती मोठी नळी बसवून मधली जागा न जळणाऱ्या मालाने भरावी, म्हणजे तापून तडा जात नाही आणि गळतही नाही.

धुराड्याच्या चुलीत भांडं तोंडावर घट्ट बसलं पाहिजे, फट नको. फट राहिली तर धूर धुराड्याकडे न जाता तिथूनच बाहेर येतो. बिनधुराड्याच्या चुलीत मात्र याच्या उलट : ज्वाला बाहेर पडायला भांड्याभोवती बोटभर फट ठेवावीच लागते. पुढच्या भांड्याची उष्णता मागच्या वैलावरून फिरवून मग धुराड्यात सोडली तर दुसऱ्या भांड्यात पाणीही तापतं. रोजच्या आंघोळीच्या पाण्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

आणि साफसफाई. काजळी महिन्यातून एकदा तरी काढावी. दोरीला कापडाचा बोळा बांधून वरून ओढला तरी चालतं. पावसाळ्यात काजळी ओली होऊन चिकटते, तेव्हा जास्त वेळा. रात्री निखारे असताना धुराडं किंवा त्याची झडप बंद करू नये.

लाकडाचंही तसंच. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. लाकूड सूं सूं करत असेल, टोकाला फेस येत असेल तर चूल आधी पाणी उकळते आणि मग तुमचं जेवण. मावळात लाकडं गुढीपाडव्याच्या सुमाराला फोडून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, वळचणीला रचली तर मृगाआधी वाळतात. जूनमध्ये आणलेली मोळी गणपतीपर्यंत ओलीच राहते. जुन्या बायकांना हे माहीत होतंच. पण आता रानातल्या वाटांवर प्लॉटिंगची तारकुंपणं आली, मोळी मिळेल तेव्हा मिळेल तशी आणावी लागते, आणि ओलं लाकूड थेट चुलीत जातं.

हे प्रयोग आधी झालेत, मग टिकले का नाहीत?

सुधारित चूल ही काही नवी कल्पना नाही. केंद्राने १९८३ मध्ये राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला. २००२ पर्यंत देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. अनेक गावांत अजून जुन्या भिंतींवर त्या पाइपाचं भोक दिसतं. चूल मात्र नाही. आकडा गाठला, अनुदान खर्च झालं. पुढे तडा गेला, पाइप चोंदला, तर बघायला कुणी नव्हतं.

ओडिशात सुमारे २,६०० घरांमध्ये अशा धुराड्याच्या चुलींचा चार वर्षं अभ्यास झाला. एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. डुफ्लो यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. नंतर लोकांनी चूल कमी वापरली, डागडुजी झाली नाही आणि फायदा संपला. तब्येतीत शेवटी फरक दिसला नाही. चूल प्रयोगशाळेत चांगली होती, घरात टिकली नाही.

पुणे जिल्ह्याला यात स्वतःचा अनुभव आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने दोन भांड्यांची, धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल आणि बिनधुराड्याची ‘भाग्यलक्ष्मी’ चूल विकसित केली. साच्यातून चूल पाडायची आणि गावातल्याच कारागिराने ती विकायची, असा तो विचार होता. पुण्याजवळच्या गावांत या चुली वापरणाऱ्या घरांमधली हवा मोजली गेली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धूर कमी झाला होता. पण सुरक्षित म्हणावी अशी हवा तरी झाली नव्हती. म्हणजे सुधारित चूल ही जुन्या चुलीपेक्षा बरी, गॅसची बरोबरी नाही. हे दोन्ही एकदम लक्षात ठेवायला हवं.

उलटं उदाहरण चीनचं. तिथे १९८० च्या दशकात सुरू झालेल्या कार्यक्रमात १९९० च्या दशकाअखेर १८ कोटींच्या आसपास घरांत सुधारित चुली गेल्या. खर्चाचा मोठा वाटा घरमालकाने उचलला. सरकारने पैसा मुख्यतः प्रशिक्षण, तपासणी आणि स्थानिक कारागीर उभे करण्यावर घातला. चूल बिघडली तर ती दुरुस्त करणारा माणूस त्याच भागात होता. फरक तिथे पडला.

भारतीय मानक ब्युरोचं २०१३ चं मानकही आहे. पंखा नसलेल्या, उचलून नेता येणाऱ्या लाकडाच्या चुलीने किमान २५ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे. आपली तीन दगडांची चूल दहा टक्क्यांच्या आसपास देते. बाजारात तयार चूल घेताना आयएसआय शिक्का बघायला हरकत नाही. पण घराचं धुराडं शिक्क्याने बसत नाही, ते गवंड्यालाच बसवावं लागतं.

मावळात आता काय करता येईल?

पहिली गोष्ट ग्रामपंचायत आणि पंचायत समितीच्या हातातली आहे. घरकुलाचा हप्ता देताना पाया, भिंती, स्लॅब असे फोटो घेतले जातात. स्लॅबच्या टप्प्याला एक साधा प्रश्न जोडता येतो : या घरात चूल पेटणार आहे का? पेटणार असेल तर धुराड्याची नळी स्लॅबमध्ये सोडली का, आणि छताजवळ झरोका ठेवला का? नळीचा खर्च घराच्या खर्चात दिसणारही नाही.

दुसरी गोष्ट गवंड्यांची. घरकुल योजनेत ग्रामीण गवंड्यांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र दिलं जातं. त्यात जाळीची चूल आणि धुराडं हा एका दिवसाचा धडा घातला तर प्रत्येक दहा-पंधरा गावांमागे चूल बसवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस तयार होतो. चाळीस वर्षांत नेमका तोच नव्हता.

तिसरी गोष्ट बचत गटांची. ‘उमेद’चे गट पापड-मसाल्यांपलीकडे साचे, जाळ्या, टोप्या ठेवण्याचं आणि पावसाळ्याआधी गावातली धुराडी साफ करून देण्याचं काम करू शकतात. चुलीसमोर बसतात त्याच बायका यात असल्या तर चूल कागदावर राहणार नाही. तोंड किती मोठं, तवा कसा बसतो, मोठं पातेलं ढवळताना चूल हलते का, हे भाकरी थापणारीलाच कळतं. आतापर्यंतच्या कार्यक्रमांनी तिलाच सर्वात शेवटी विचारलं.

चौथी गोष्ट आशाताई आणि उपकेंद्राची. गरोदर बाईच्या घरभेटीत लोहाच्या गोळ्यांबरोबर चूल कुठे आहे, शेगडी कोणत्या खोलीत ठेवणार, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. आई-बाळाच्या खोलीत निखारा नको, हे घरातल्या मोठ्या बाईला समजावून सांगितलं तर ऐकलं जातं. ऊब द्यायची तर शेगडी बाहेर पेटवून, दार उघडं ठेवून, शेक झाला की लगेच बाहेर न्यावी.

यातल्या एकाही गोष्टीला नवी योजना लागत नाही. योजना आहेत, हप्ते येताहेत, गवंडी आहेत, गट आहेत. फक्त घर मोजताना चौरस मीटर मोजले जातात आणि गॅस मोजताना जोडण्या. चुलीसमोर बसलेली बाई कोणती हवा घेते, हे मोजण्याची पद्धत नाही.

नव्या घरकुलांचे स्लॅब पडायला अजून वेळ आहे. ज्यांचं बांधकाम चालू आहे त्यांनी गवंड्याला आजच सांगितलं तर चार इंची नळीची जागा सुटते. ज्यांचं घर झालंय त्यांनी या रविवारी चुलीखाली जाळी बसवावी, खिडकीवरचा प्लास्टिकचा कागद काढावा आणि लाकडं वळचणीला रचावीत. पाऊस मावळात वेळेवरच येतो. तेव्हा खिडक्या पुन्हा बंद होतील. धुराला तोवर बाहेर पडायची वाट मिळालेली असावी.